डावीकडचं बटण आणि धुऱ्यावरची पऱ्हाटी

ज्या जागेची वस्तू त्या जागी राहू द्यायची नाही, असा विडा उचलून जन्माला आलेला एकच माणूस या पृथ्वीतलावर असेल, आणि तो नेमका माझ्या बहिणीला नवरा म्हणून मिळाला. यात दोष कुणाचा, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. स्थळ पाहायला मीच गेलो होतो, पण तेव्हा ते गृहस्थ अगदी सरळ दिसत होते. चहा कपात होता, कप बशीत होता. पुढे काय वाढून ठेवलंय याची त्या बशीवरून काडीची कल्पना आली नाही.

भाऊजी मूळचे पुण्याचे. आमच्या जिल्ह्यात तंत्रनिकेतनात शिकवायला आले आणि ताईशी लग्न करून इथलेच झाले. वडील गेल्यावर आईला एकटं करमेना, म्हणून ताई आणि भाऊजी मेहकरला आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायला आले. थोड्या दिवसांसाठी, असं ठरलं होतं. ते थोडे दिवस संपता संपता त्यांची मुलगी शिकून, नोकरी करून, लग्न होऊन पुण्याला गेली. आई त्यांना जवाईबापू म्हणायची, म्हणून गल्ली म्हणायला लागली, म्हणून गाव म्हणायला लागलं. त्यांचं खरं नाव विचारलं तर पोस्टमनसुद्धा जरा थांबून आठवायचा.

आता मी संतापी माणूस आहे हे मान्य करतो. पण माझ्या जागी एखादा संतपुरुष असता तरी त्यानं भाऊजींसमोर ताट आपटलं असतं. आमच्याकडे रोडगे करतात. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेला कणकेचा गोळा, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. यात सुधारणा करण्यासारखं काय आहे? भाऊजींनी रोडग्यात पुरण भरलं. त्याच वर्षी गणपतीत उकडीच्या मोदकाच्या आत वांग्याचं भरीत निघालं. मी पहिला घास घेतला आणि पाटावरून उठलो. आई मात्र दुसरा मोदक घेत म्हणाली, "चांगलं लागते बाप्पा. नुसतं गोड गोड कितीक खावं माणसानं?" ज्या बाईनं मला भाजीत मीठ जास्त झालं एवढं म्हटल्याबद्दल लहानपणी उपाशी झोपवलं, तीच ही बाई. जावयाचं सगळं गोड असतं, भरताचा मोदकसुद्धा.

कपड्यांचं तेच. आमच्या उन्हात डोक्याला पांढरा दुपट्टा बांधतात, तो भाऊजी पुण्याच्या डिसेंबरात बांधत, आणि मेहकरच्या मे महिन्यात कडक इस्त्रीचा शर्ट आणि टाय. बोलण्याचं तर विचारूच नका. इथे ते मधूनच वऱ्हाडी बोलत, पण पुण्याच्या चालीवर. "मले जरा तो पेन देता का, कृपया?" असं ते म्हणत आणि समोरचा पेन द्यायचं विसरून त्यांच्याकडे पाहत राही. पुण्याला गेले की तिथंही वऱ्हाडीच, त्याच चालीवर. त्यांच्या पुतण्याच्या मुंजीला आम्ही सगळे गेलो होतो. भरल्या मांडवात भाऊजींनी आपल्या थोरल्या भावाला हाक मारली, "काऊन बे, कुठं जाऊन राह्यला?" मांडवातल्या दोन बायका एकमेकींकडे पाहून हसल्या आणि त्यातली एक म्हणाली, "आचाऱ्याबरोबर आलेत वाटतं." मला भाऊजींचा राग आलाच, पण त्याहून जास्त त्या बाईंचा आला. आमच्या भाषेत बोललं की माणूस आचाऱ्याबरोबर आलेला असतो का? मी तसं मोठ्यानं विचारलंसुद्धा. ताईनं मला जिलबी वाढायला दुसऱ्या पंगतीला पाठवून दिलं.

पण हे सगळं मी गिळलं असतं. मोदक गिळला नाही, बाकीचं गिळलं असतं. कहर झाला तो संगणकावर.

मेहकरच्या बसस्टँडजवळ, आमच्याच घराच्या तळमजल्यावर, माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. तंत्रनिकेतनात एकदा सगळ्या संगणकांवर एकच एक ठरावीक प्रणाली बसवायचा हुकूम निघाला, तेव्हा भाऊजी प्राचार्यांशी भांडले आणि मुदतीआधी निवृत्त होऊन घरी आले. घरी म्हणजे माझ्या दुकानात. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या बिलाच्या संगणकावर लिनक्स बसवलं. ज्यांना या भानगडीचा वाराही लागलेला नाही त्यांना थोडक्यात सांगतो. लिनक्स ही संगणक चालवणारी फुकट मिळणारी प्रणाली. इतर प्रणालींत पडद्यावर जे घर दिसतं ते ठरलेलं असतं. लिनक्समध्ये घर निवडता येतं. त्यातली दोन घरं मोठी, एकाचं नाव ग्नोम, दुसऱ्याचं केडीई. दोघांच्या खिडक्या वेगळ्या, पट्ट्या वेगळ्या, आणि लिहायचा, हिशेबाचा, फोटो पाहायचा असे प्रत्येकाचे आपापले प्रोग्राम. शहाणा माणूस यातलं एक घर निवडतो आणि त्या घरची भांडीकुंडी वापरून सुखानं राहतो. भाऊजी राहायचे ग्नोमच्या घरात आणि वापरायचे केडीईचे प्रोग्राम. त्याची सवय मला होत आली, की एका सकाळी घर केडीईचं असायचं आणि प्रोग्राम ग्नोमचे.

"पण का?" मी विचारायचो. "दोन्ही घरं धडधाकट आहेत ना? मग एकात सरळ राहायला काय झालं?"

"घर एकाचं असलं म्हणून माणसंही त्याच घरची पाहिजेत, असं कुठं लिहिलंय?" भाऊजी म्हणायचे. सासऱ्यांच्या घरी आयुष्य काढणाऱ्या माणसानं हे म्हटल्यावर पुढे काय बोलणार?

ग्नोमच्या घरात केडीईचा एक साधा लिहायचा प्रोग्राम उघडला, तर तो एकटा येत नसे. लग्नघरी मामाला बोलवावं आणि मामी, मामीचा भाऊ, भावाचे शेजारी असं सगळं ट्रॅक्टरमधून उतरावं तसं त्याच्यामागे त्याच्या घरचं अख्खं वऱ्हाड पडद्याआड गोळा होई. माझा संगणक म्हणजे काही मंगल कार्यालय नव्हतं. तो घरघरायला लागे आणि गिऱ्हाईक काउंटरवर बोटं वाजवत उभं. त्यातून दोन्ही घरांच्या रीती उलट्या. एका घरात फाइलवर एकदा टिचकी मारली की ती उघडे, दुसऱ्यात दोनदा मारावी लागे. मी एकदा मारावी तिथं दोनदा मारली की एकाच गिऱ्हाइकाची दोन बिलं समोर येत. दोनदा मारावी तिथं एकदा मारली की मी आणि गिऱ्हाईक दोघंही पडद्याकडे पाहत बसत असू.

सगळ्यात वाईट होती ती बटणं. काम संपवून प्रोग्राम बंद करायला गेलं की संगणक विचारतो, लिहिलेलं जपून ठेवू की टाकून देऊ? केडीईच्या घरी 'जपून ठेवा' हे बटण डाव्या हाताला. ग्नोमच्या घरी तेच उजव्या हाताला, आणि डाव्या हाताला 'टाकून द्या'. हे कुणी ठरवलं, त्यांच्या घरी कुणी वडीलधारं माणूस नव्हतं का, हे मला ठाऊक नाही. एका हंगामात बोगस बियाण्याबद्दल मी वर्तमानपत्राला पत्र लिहायला बसलो. दुपारभर लिहीत होतो. असं लिहिलं होतं की संपादकाच्या हाताला चटका बसला असता. संपवलं आणि महिनोन्महिने लागलेल्या सवयीनं डावीकडचं बटण दाबलं. त्याच सकाळी भाऊजींनी केडीईचा लिहायचा प्रोग्राम काढून तिथं ग्नोमचा आणून ठेवला होता. सगळं पत्र गेलं. मी खुर्चीवरून उठलो, दुकानाच्या पायरीवर आलो आणि रस्त्यावर ऐकू जाईल असा ओरडलो. भाऊजी मागून आले आणि अत्यंत मायेनं म्हणाले, "राग अजून शिल्लक आहे ना? मग पुन्हा लिहा. पत्र गेलंय, राग तर गेला नाही." पत्र मी पुन्हा लिहिलं. ते छापून आलं. पण त्यात भाऊजींवरचा थोडा राग मिसळला गेला होता असं मला अजून वाटतं.

या अशा माणसाच्या हातात एक दिवस पुडी पडली.

बीटी कपाशी तेव्हा आमच्या भागात नवी होती; कपाशीला आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात. बोंडअळीला मारणारं विष पानाबोंडातच तयार होणारं ते बियाणं. लोक वेड्यासारखे त्याच्यामागे लागले होते आणि का लागू नयेत, आधीची वर्षं अळ्यांमागे फवारे घेऊन धावण्यात गेली होती. त्या बियाण्याच्या पाकिटात साध्या, बिनबीटीच्या सरकीची एक छोटी पुडी असायची. ती शेताच्या धुऱ्यानं, म्हणजे कडेकडेनं लावायची, असं पाकिटावर लिहिलेलं असे. कुणी लावत नसे. माझ्या दुकानाच्या पायरीवरच लोक पाकीट फोडून ती पुडी नालीत टाकून देत. पावसाळ्यात माझ्या नालीत कपाशी उगवायची. ते पाहून भाऊजींनी चौकशी केली, कृषी विभागाची पुस्तकं आणली, वाचली आणि त्यांचे डोळे असे चमकले की मी घाबरलो. एकाच्या घरात दुसऱ्याचं काही ठेवायला सांगणारा सरकारी आदेश त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता.

त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास. तालुक्यातल्या निदान एका शेतकऱ्यानं, फक्त एकानं, आपण होऊन ती पुडी धुऱ्यावर लावावी. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते थांबवून समजावत. अळ्यांमध्ये एखादी अशी निघतेच की जिला ते विष बाधत नाही. शेतात सगळी बीटीच असली की तशाच अळ्या उरतात, त्यांचीच आपसात लग्नं होतात, त्यांचीच पिल्लं वाढतात आणि एक दिवस ते विष फुकट जातं. धुऱ्यावर साधी कपाशी असली की तिथं साध्या अळ्या जगतात. मग विषाला सरावलेली अळी आणि न सरावलेली अळी यांची सोयरीक होते आणि पिल्लं विषाला भिणारी निघतात. मला तरी यात न समजण्यासारखं काही दिसत नव्हतं. पण 'सोयरीक' हा शब्द त्यांनी वापरला आणि घात झाला. दुसऱ्या दिवशी बाजारभर झालं, "जवाईबापू अळ्यायचे लग्न लावून राह्यले!" लोक दुकानात येऊन विचारायला लागले, मुलीकडची अळी कोणती, हुंडा काय ठरला, पंगत कोणाच्या वावरात आहे. भाऊजी प्रत्येकाला गंभीरपणे उत्तर देत. मी आतल्या आत जळत होतो. अरे, माणूस तुमच्या भल्याचं सांगतोय! टिंगल करायची तर माझी करा, मी बियाणं विकतो.

टिंगल करणाऱ्यांत पुढे होते रहीमचाचा. मेहकरपासून जवळच्या खेड्यात त्यांची जमीन, माझ्या वडिलांपासूनचं गिऱ्हाईक. कापूस पिकवायचे आणि घरी गाद्याही भरायचे, त्यामुळे कापसाच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवावं हे त्यांना खपत नसे. दुकानात शिरतानाच ते आवाज द्यायचे, "क्या जवाईबापू, कोणाचा निकाह हाये आज?"

मग तो हंगाम आला, जेव्हा एका नावाजलेल्या वाणाचा तुटवडा पडला आणि माझ्या दुकानापासून बसस्टँडच्या कोपऱ्यापर्यंत रांग लागली. आदल्याच संध्याकाळी भाऊजींनी एक नवा पराक्रम केला होता. केडीईचे प्रोग्राम ग्नोमच्या घरात परके दिसू नयेत म्हणून त्यांनी त्यांना ग्नोमचे कपडे चढवले होते. म्हणजे रंग, अक्षरं, बटणांचा आकार सगळं सारखं दिसावं. कापड कुठंतरी आखूड पडलं. पांढऱ्या बटणांवर अक्षरंही पांढरी झाली. रांगेतल्या पहिल्या माणसाचं बिल मी तयार केलं, आणि पडद्यावर दोन कोरी बटणं आली. एक डावीकडे, एक उजवीकडे. कशावर काय लिहिलंय ते दिसेना.

"भाऊजी!" मी ओरडलो. "हा प्रोग्राम कोणत्या घरचा?"

"केडीईचा. कपडे ग्नोमचे."

"मग 'हो' म्हणायचं तर दाबू कुठं?"

भाऊजींनी चष्मा पुसला. "तोच प्रश्न आहे," ते म्हणाले. "कपडे बदलले की बटणांची जागाही बदलते असं मी वाचलंय. पण ती बदलली की नाही, हे अक्षरं दिसल्याशिवाय कळणार नाही."

मी डावीकडचं दाबलं. बिल गेलं. पुढच्या बिलाला उजवीकडचं दाबलं, तर तो अख्खा प्रोग्रामच त्याच्या वऱ्हाडासकट निघून गेला. मागून रांग ओरडत होती, उन्हानं सगळ्यांची डोकी तापलेली. "काऊन थांबलं बे?" "कम्पुटर बिमार पडला काय?" मी शिव्या देत बिलबुक काढलं आणि हातानं लिहायला लागलो. आणि भाऊजी काय करत होते? संगणक दुरुस्त करत होते? नाही. समोर न हलणारी रांग दिसल्यावर ते पायरीवर जाऊन उभे राहिले, डोक्याला दुपट्टा, गळ्यात टाय, आणि त्यांनी पुडीवर भाषण सुरू केलं. जागा सोडली तर नंबर जातो, त्यामुळे कुणाला हलता येईना. अशी बांधून घातलेली सभा त्यांना पुन्हा कधी मिळाली नाही. ते जीव तोडून सांगत होते. खरं सांगतो, लिहिता लिहिता माझाही हात दोनदा थांबला.

संपल्यावर रांगेतून रहीमचाचांनी विचारलं, "जवाईबापू, सांगून तर राह्यले. तुमी स्वतः कोन्त्या धुऱ्यावर लावली?"

सगळी रांग हसली. भाऊजींच्या नावावर या जिल्ह्यात तुळशीच्या कुंडीएवढीसुद्धा जमीन नव्हती. त्यांचा चेहरा पडला. तो पडलेला चेहरा पाहून माझं डोकं असं सणकलं, की मी बिलबुक आपटून उभा राहिलो आणि म्हणालो, "आमच्या वावरात लावणार! यंदाच लावणार! या पाहायला!"

झालं. गावाबाहेरच्या आमच्या शेताला भाऊजींनी स्वतः चारी बाजूंनी साधी सरकी लावली. ते रोज एस.टी.नं नाहीतर कुणाच्या जीपच्या मागे लटकून शेतात जायचे. पाऊस बरा झाला, मधली बीटी तरारली, धुऱ्यावरची साधीही वाढली, पात्या आल्या, फुलं आली, बोंडं धरली. एक दिवस भाऊजी धावत दुकानात आले. चिखलानं भरलेले पाय, टाय खांद्यावर. "खाल्लं!" ते ओरडले. "अळ्यांनी धुरा खायला सुरुवात केली!" दुकानात खताला आलेली चार माणसं होती, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आजवर या तालुक्यात अळी पडल्यावर माणूस कपाळाला हात लावत असे. हे गृहस्थ पेढे वाटायच्या बेतात होते.

ते पाहायला लोक आले. भाऊजी प्रत्येकाला धुऱ्यानं फिरवत आणि पोखरलेलं बोंड फोडून, मुलीची गुणपत्रिका दाखवावी तसं दाखवत. "पाहा, केवढी लठ्ठ झालीय! काही विष नाही, काही नाही!" लोक तोंडाला दुपट्टा लावून हसत. रहीमचाचा सगळा धुरा फिरले आणि जाताना मला म्हणाले, "भाऊ, जवाईबापूले सांभाळजा. शिकेल माणूस हाये, पन अळ्या पोसून राह्यला." त्या पावसाळ्यात कुणीही पुडी लावली नाही. पुढच्याही नाही. भाऊजी मात्र दरवर्षी आमच्या धुऱ्यावर लावत राहिले आणि दरवर्षी अळ्यांनी खाल्लं की तेवढाच आनंद साजरा करत राहिले. माझी नाली तशीच पुड्यांनी भरत होती.

मग बरीच वर्षं गेली आणि गुलाबी बोंडअळी आली. बीटीच्या बोंडात, जिथं ती मरायला हवी होती तिथं, आरामात बसलेली. वरून बोंड धडधाकट, फोडलं की आत कवडी, म्हणजे किडून घट्ट झालेला पिवळा कापूस. फुलं उमलायची नाहीत, पाकळ्या आवळून डोमकळ्या व्हायच्या. सगळ्यांच्या शेतात एकच दशा. आमच्या शेतातही, कारण शेजारच्या वावरातली अळी आमचा धुरा पाहून परत जात नाही. माझ्या दुकानासमोर पुन्हा गर्दी झाली, या वेळी विचारायला की आता कोणतं औषध मारू. माझं रक्त उसळत होतं. मला प्रत्येकाला पायरीवर धरून विचारायचं होतं, की ती पुडी कुठं आहे? नालीत टाकलीत ती? आणि मला वाटत होतं, की भाऊजींनी एकदा तरी पायरीवर उभं राहावं आणि म्हणावं, मी सांगत नव्हतो?

ते वर खिडकीत बसून होते. मी जिना चढून गेलो आणि म्हणालो, "चला खाली. आज तुमचा दिवस आहे."

"कसला दिवस?" भाऊजी म्हणाले. "एकट्यानं होणारं काम नव्हतं ते. मला एक माणूस मिळवता आला नाही, यात लोकांचा काय दोष?" एवढं बोलून ते पुन्हा रस्त्याकडे पाहत बसले. त्या वेळी त्यांचा मला जितका राग आला तितका मोदकाच्या वेळीसुद्धा आला नव्हता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ताईचे गुडघे जिना चढेनासे झाले. आई आता नव्हती. मुलीनं धरणं धरलं आणि दोघं पुण्याला जायला निघाले. जायच्या आदल्या दिवशी भाऊजी दुकानात येऊन संगणकासमोर बसले. "आज तुमच्या मनासारखं करून देतो," ते म्हणाले. "एकच घर ठेवतो, त्याचेच प्रोग्राम. बटणं सगळीकडे एका बाजूला. मी गेल्यावर तुम्हाला कोण सांगणार कुठलं दाबायचं?"

इतकी वर्षं मी ज्यासाठी भांडत होतो ते हेच. आणि माझ्या तोंडून निघालं, "हात लावू नका त्याला! आहे तसं राहू द्या!" मी एवढा जोरात बोललो की काउंटरवरचा माणूस दचकला. भाऊजी उठले, टाय नीट केला आणि बाहेर गेले. मला त्यांची फार आठवण येणार होती आणि ते सांगायला मला दुसरी भाषा येत नव्हती.

पुण्यात मुलीच्या घरी सगळं जागच्या जागी असतं, असं ताई फोनवर सांगते. चहा साखरेचा की बिनसाखरेचा ते डब्यावर लिहिलेलं असतं. संगणकाला कुणी हात लावू देत नाही, आणि रोडगे करायला गोवऱ्या मिळत नाहीत. भाऊजी फोनवर आले की पिकापाण्याचं विचारतात. पुडीचं मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही. इकडे माझ्या संगणकावर बटणं अजून उलटसुलट आहेत. दाबण्याआधी मी थांबतो, दोन्ही बाजूला पाहतो, मग दाबतो. अजून चुकतं.

मागच्या दसऱ्याच्या सुमारास रहीमचाचा दुकानात आले. आता काठी घेऊन चालतात. खुर्चीवर बसले, पाणी प्याले. मग म्हणाले, "भाऊ, जवाईबापूले फोन लावता का?"

"काय सांगू?"

"सांगा का चाचाचा धुरा अळ्यायनं खाल्ला."

मी हातातलं बिलबुक मिटलं.

"लावली म्या यंदा," ते काठीकडे पाहत म्हणाले. "पुडी. चारी बाजूनं. पोट्टे हासले मले. हासू द्या. पुरा खाल्ला धुरा, एक बोंड साबूत नाई. ते होते तवा लावली नाई, अन् आता सांगाले ते इथं नाईत."

मी फोन लावला. मला राग आला होता. एवढी वर्षं का नाही लावली, एवढ्या वर्षांत एक हंगाम, फक्त एक हंगाम लवकर लावली असती तर? पण पलीकडे भाऊजींचा आवाज आला आणि मी एका दमात सांगून टाकलं. त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटून मी पुन्हा सांगितलं.

"रहीमचाचांचा?" भाऊजी म्हणाले. "आपण होऊन?"

"आपण होऊन. सगळा धुरा खाल्ला म्हणतात."

फोनवर मागे कुठंतरी त्यांच्या मुलीचा घाबरा आवाज ऐकू आला, "बाबा, काय झालं? डोळ्यांत पाणी का? कुणाचं नुकसान झालं का?"

"नाई ओ बाई," भाऊजी तिला म्हणाले. "चाचाच्या वावरात अळ्या जेवून राह्यल्या."

मी फोन रहीमचाचांच्या हातात दिला आणि दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिलो. मग लक्षात आलं, की त्या एवढ्याशा वाक्यात पुण्याची चाल कुठंच नव्हती.